अखाजीची मोजणी

१७ एप्रिल १९४४, सोमवार, सकाळचे साडेदहा. जळगावच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत एडविन थॉर्नली यांच्या टेबलावर मोजणीचा तक्ता आला. पूर्व आणि पश्चिम खानदेश, दोन्ही जिल्ह्यांतली झाडून सगळी गावं. मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या मुलांची बेरीज अठ्ठावन्न.

थॉर्नलींनी बेरीज स्वतः पुन्हा केली. अठ्ठावन्नच आली.

समोरच्या खुर्चीत तोताराम आबा बसले होते. कापसाच्या दोन जिनांचे मालक आणि जळगावात कॉलेज काढायला निघालेल्या मंडळीचे अध्यक्ष. त्यांनी तक्ता उलटा असतानाच वाचला.

"चला," आबा म्हणाले. "मागच्या मोजणीत एकतीस होते. सव्वीस वर्षांत सत्तावीस वाढले. म्हणजे दरसाल एक पोरगा आणि वर एक. खानदेश फार पुढे गेला म्हणायचा, साहेब."

मागची मोजणी त्यांचीच होती.

साहेब १९११ साली, चोविसाव्या वर्षी, शाळांचे असिस्टंट इन्स्पेक्टर म्हणून धुळ्याला आले. घोड्यावरून गावोगाव हिंडून मराठी शिकले, थोडी खानदेशीही त्यांच्या कानात बसली. १९१८च्या उन्हाळ्यात सरकारने त्यांना विचारलं की या भागात कॉलेज चालेल का. त्यांनी मोजणी केली, एकतीस मुलं मिळाली, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्यांनी एक वाक्य लिहिलं: 'खानदेशातला शेतकरी आपल्या मुलाला मॅट्रिकपुढे शिकवू इच्छीत नाही.' वाक्य आटोपशीर होतं. वरच्यांना आवडलं. थॉर्नलींची मुंबईला बदली झाली, मग बढती, मग समित्यांची चिटणिशी, आणि १९३४पासून उच्च शिक्षणाचे सल्लागार. सरकारला कुठे कॉलेज काढावं, कुठे काढू नये हे सांगणं हेच त्यांचं काम. चिटणीस असल्यापासून त्यांच्या सल्ल्याने चार कॉलेजं उभी राहिली आणि नऊ अर्ज मागे गेले. त्या नऊंपैकी दोन खानदेशचे होते, १९२६ आणि १९३५ साली, आणि दोन्ही वेळा कागदावर कारण म्हणून तेच जुनं वाक्य अवतरणात टाकलेलं होतं.

आता नोकरीचे दीड महिने उरले होते. लढाईमुळे मिळालेली मुदतवाढ ३१ मे रोजी संपत होती. मुंबईच्या समितीची बैठक १३ मेला होती आणि थॉर्नलींचा अहवाल शनिवार २९ एप्रिलच्या डाकेने निघायलाच हवा होता. समितीची अट एकच होती. मॅट्रिक होऊन घरी बसलेली आणि जवळ कॉलेज निघालं तर जातील अशी किमान दोनशे मुलं दाखवा. मॅट्रिक पास झालेल्यांच्या याद्या शाळांकडून आल्या होत्या. गेल्या चार वर्षांचीच नावं हजारावर गेली होती. पण त्यांतली किती मुलं आज घरी आहेत हे शाळांना माहीत नव्हतं. ते तलाठ्यांनी घरोघर विचारलं, आणि घरोघर 'नाही' हेच उत्तर आलं.

"हजार पास होतात आणि अठ्ठावन्न घरी असतात," थॉर्नली म्हणाले. "बाकीचे गेले कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं," आबा उठले. "सल्लागार तुम्ही. पण एक ध्यानात ठेवा. या वेळी नाही म्हणालात, तर पुढची पंचवीस वर्षं विचारायला मी काही राहणार नाही."

*

आठवडाभर थॉर्नली अहवालाच्या पहिल्या पानावर अडून राहिले. शुक्रवारी त्यांचे हेडक्लार्क सुकदेव रजेचा अर्ज घेऊन उभे राहिले. सुकदेव असोद्याचे, जळगावपासून टांग्याने तासाभराच्या अंतरावर.

"अखाजी आहे साहेब, मंगळवारी. बहिणी माहेरी यायला लागल्या. घरात पुरुषमाणूस लागतं."

"अहवाल आठ दिवसांवर आला आणि तुम्ही रजा मागता?"

"साहेब, अक्षय तृतीयेला सासुरवाशीण माहेरी आली नाही, तर गाव भावाला विचारतं. अहवालाचं गाव विचारत नाही."

थॉर्नलींनी अर्जावर सही केली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "असोद्याच्या तक्त्यात किती मुलं आहेत?"

"एकही नाही."

"आणि खरी किती?"

सुकदेवांनी छताकडे पाहिलं. "मी सरकारी नोकर आहे, साहेब. तक्ता सरकारी आहे."

"मग उद्या मी तुमच्याबरोबर येतो."

शनिवारी सकाळी टांगा असोद्यात शिरला तेव्हा कडुलिंबाच्या प्रत्येक जाड फांदीला झोका बांधलेला होता. माहेरवाशिणींची चढाओढ चालली होती. पारावर पुरुषांचे पत्ते पडत होते. अखाजीच्या दिवसांत या भागात पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही. साहेबाची टोपी दिसताच डाव आवरले गेले.

सुकदेव त्यांना उखर्डू नानांच्या ओसरीवर घेऊन गेले. नानांची केळीची बाग गावात मोठी होती. पाणी आलं, चहा आला, आणि थॉर्नलींनी थेट विचारलं, "नाना, तुमच्या घरी मॅट्रिक झालेला मुलगा आहे?"

"नाही जी," नाना म्हणाले. "आमी शेतकरी मानसं. आमच्यात कोन शिकते?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ दारात एक पन्नाशीची बाई उभी राहिली, हाताला सांजोऱ्यांचं पीठ. ही शेवंताबाई, नानांची बहीण. जामनेरकडच्या एका गावात दिलेली. कालच माहेरी आली होती.

"अरे भाऊ," ती म्हणाली, "मंग गेल्या म्हयन्यात माह्या नंदेच्या घरी बसून कोनाची सोयरीक सांगत व्हता? 'माहा मगन मॅट्रिक हाये, इंग्रजी फाडफाड बोलते' म्हने. तो मगन कोनाचा?"

ओसरीवर जमलेली माणसं हसली. नानांचे कान लाल झाले.

"अक्का, तू आत जाय."

"जाते. पोऱ्याले बी घेऊन जाते का? तो कोठीत बसेल हाये केव्हाचा."

कोठीच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि एकोणीस वर्षांचा मगन मान खाली घालून बाहेर आला. केसांत भुसा होता.

थॉर्नलींनी हसू आवरलं. "नाना, मी फौजेतला माणूस नाही."

"तुमी नसान," नाना आता सरळ बोलले. "पन कागद तोच हाये साहेब. तलाठी आला, पाटील आला, दवंडी झाली. 'घरात वीसच्या आतला पोऱ्या किती, शिकलेला किती?' भरतीवाले बी हेच इचारतात. मागच्या लढाईत असाच कागद आला व्हता. माह्या मोठ्या भावानं खरं सांगितलं. तो फौजेत गेला तो आलाच नाही. त्याच म्हयन्यात दुसरा कागद आला, शायेचा, मास्तरांचा म्हने. माह्या बापानं मले आठ दिवस मळ्यात झाकून ठेवलं. गावानं सगळ्यांनी तेच केलं."

"कोणत्या साली?"

"बुखाराच्या साली. बुखार आला त्याच्या आधी, उन्हायात."

एकोणीसशे अठरा, इन्फ्लुएंझाचं साल. थॉर्नलींना तो महिना स्वच्छ आठवला. शाळाखात्याकडे माणसं कमी होती. भरतीचे तक्ते मामलेदारांमार्फत गावोगाव निघालेच होते, त्याच थैल्यांत त्यांनी आपलेही घातले होते. खर्च वाचला म्हणून कलेक्टरांनी शाबासकी दिली होती. आणि या खेपेला, पुन्हा लढाई चालू असताना, त्यांच्या खात्याने पुन्हा तेच केलं होतं. एकतीस हा आकडा लपवता न आलेल्या मुलांचा होता. अठ्ठावन्नही तसाच.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. त्यानंतरची पंचवीस वर्षांची नोकरी, तिच्या मुळाशी एक वाक्य, आणि त्या वाक्याखाली काहीच नव्हतं.

"शेवंताबाई," त्यांनी विचारलं, "तुमच्या सासरी अशी किती मुलं आहेत?"

"सात," ती ताडकन म्हणाली. "तोंडपाठ हायेत. धाकट्या पुतनीसाठी स्थळ पाह्यतो ना आमी! सातातले दोन पुन्याले गेले. पाच घरीच. तिघांचे बाप म्हनतात, जवळ असतं तर शिकवलं असतं, तेवढ्या लांब पोऱ्याले धाडवत नाही. एक तोतरा हाये पन हुशार. एकाची आई कजाग, तठी पोरगी देनार नाही मी. नावं सांगू?"

थॉर्नलींनी खिशातून पेन्सिल काढली.

बातमी झोक्यांकडे गेली. साहेबाला लग्नाच्या किती पोरी आहेत, म्हणून एवढी स्थळं लिहून घेतोय, असं एकीने दुसरीला विचारल्याचं सुकदेवांनी ऐकलं. त्यांनी ते साहेबांना सांगितलं नाही. एरंडोलकडची एक आली, तिने चार नावं दिली. धुळ्याकडे दिलेली भिकुबाई झोक्यावरून न उतरताच ओरडली, "आमना गावमा नऊ शेतस! बठ्ठा घर बशेल शेतस, पत्ता खेळतस!" नऊ आहेत आणि सगळे घरीच बसलेले, असं थॉर्नलींनी टिपून घेतलं.

तासाभरात एका लिंबाखाली सेहेचाळीस नावं झाली. दोन जिल्ह्यांच्या तक्त्यात अठ्ठावन्न होती.

*

परतताना टांग्यात थॉर्नली म्हणाले, "मंगळवारी दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या सुना कुठे असतील?"

"माहेरी, साहेब."

"आणि प्रत्येकीला तिच्या सासरचं गाव ठाऊक असेल."

"सासरचं गाव, नणंदेचं गाव, जावेचं माहेर. बाईला नुसती मुलं ठाऊक नसतात. बापाच्या मनात काय आहे तेही ठाऊक असतं. आणि सोयरिकीच्या बाबतीत लपवून कुणाचा फायदा नाही."

"फुगवून सांगतील."

"तेवढं सांगतील," सुकदेवांनी कबूल केलं.

थॉर्नलींनी रविवारी नियम लिहून काढले. घरी बसलेला आणि जवळ कॉलेज निघालं तर बाप पाठवेल असाच मुलगा लिहायचा: मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, शाळा, पास झाल्याचं साल. दोन वेगळ्या घरांतल्या बायकांनी सांगितलेलं नावच धरायचं. शाळेच्या यादीत नाव नसेल तर कितीही बायकांनी सांगितलं तरी खोडायचं. नियम घेऊन ते जळगावच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई यांच्याकडे गेले. प्रमिलाबाईंच्या हाताखाली आणि ओळखीत चाळीसेक शिकलेल्या बायका होत्या आणि सुट्टी असल्याने त्या आपापल्या गावी पांगल्या होत्या. प्रमिलाबाईंनी नियम दोनदा वाचले.

"होईल," त्या म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे. पाटील, तलाठी, कारकून, कुणी झोक्यांच्या आसपास फिरकायचं नाही."

"मान्य."

"तुम्हीसुद्धा."

"मी? मोजणी माझी आहे."

"म्हणूनच. टोपी दिसली की पोरं कोठीत जातील."

साहेब हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मोजणीत एकही सरकारी माणूस नसणार होता. रविवारी दुपारी धुळे, एरंडोल, जामनेर आणि आणखी अकरा ठिकाणी तारा गेल्या आणि तिथून निरोप गावोगाव. तारांचे पैसे आबांनी दिले आणि किती झाले हे कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, २५ एप्रिल. अखाजी. एकेचाळीस गावांत एकेचाळीस बायका वही घेऊन झोक्यांखाली बसल्या. गौराईची गाणी चालू होती, पारावर पुरुष पत्त्यांत बुडालेले होते, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांचेच लपवलेले मुलगे एकेक करून वहीत उतरत होते. धुळ्याहून आलेल्या वहीच्या शेवटी अकरा नावं वेगळी लिहिलेली होती आणि वर ओळ होती: 'या मॅट्रिक झालेल्या मुली आहेत. नियमात नाहीत, पण सांगितलं नव्हतं असं नंतर म्हणू नये.'

गुरुवारी संध्याकाळपर्यंत वह्या आल्या. शुक्रवारी थॉर्नली, सुकदेव आणि प्रमिलाबाई सकाळी सातला बसले. आलेली नावं आठशे बारा, प्रत्येकापुढे सांगणाऱ्या बायका कोण ते लिहिलेलं. दुसऱ्या वहीत पुन्हा आलेली एकशे त्र्याहत्तर वगळली. शाळेच्या यादीत नसलेली शहाण्णव खोडली. एकाच बाईने सांगितलेली एकशे एकतीस बाजूला ठेवली. यांतल्या कित्येकांवर प्रमिलाबाई हळहळल्या, पण साहेब हलले नाहीत.

मग त्यांनी एरंडोलच्या बाजूच्या नावांतून चिठ्ठ्या टाकून दहा काढली आणि मोटार काढून स्वतः तिकडे गेले, टोपी मागच्या सीटवर टाकून. दहापैकी नऊ मुलं घरी सापडली. दहावा नव्हता. त्याच्या आईने सांगितलं की तो बाजारात गेलाय, बसा, येईल. तोही आला.

संध्याकाळी सुकदेवांनी बेरीज केली आणि वही साहेबांकडे सरकवली. चारशे बारा.

"पुन्हा करा," थॉर्नली म्हणाले.

"तीनदा केली, साहेब."

तरी त्यांनी स्वतः केली. चारशे बारा. प्रमिलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आणि अकरा."

"आणि अकरा," थॉर्नली म्हणाले.

त्यांनी अहवालाचं पहिलं पान फाडलं आणि नवं लिहिलं. पहिल्या परिच्छेदात त्यांनी नोंदवलं की १९१९च्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता, तो त्यांचा स्वतःचा होता, आणि तो कसा चुकला. दुसऱ्या परिच्छेदात नवी मोजणी कुणी केली, कुठे केली आणि का तिथेच केली हे आलं. झोका हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. सुकदेवांनी वाचून विचारलं, "साहेब, पहिला परिच्छेद ठेवायलाच हवा? त्याच्याशिवायही आकडा उभा राहतो."

"राहतो. पण समितीत तेच जुनं वाक्य कुणीतरी वाचून दाखवेल. त्या वेळी ते खोटं आहे असं सांगायला मीच लागेन."

शनिवारी अहवाल डाकेने गेला.

*

१३ मे, मुंबई. समितीत पंधरा सभासद होते. अपेक्षेप्रमाणे एका जुन्या सभासदाने १९१९चं वाक्य वाचून दाखवलं. मग म्हणाला, "सल्लागारमहाशय तेहतीस वर्षं नोकरी करून शेवटी बायकांच्या झोक्यावर कॉलेज बांधायला निघाले आहेत."

हशा झाला. थॉर्नली हशा थांबेपर्यंत उभे राहिले.

"ते वाक्य लिहिणारा मी," ते म्हणाले. "मी तलाठ्यांच्या तक्त्यावर विसंबलो आणि एका प्रांताची पंचवीस वर्षं घालवली. या झोक्यांवरच्या बायकांनी दिलेलं प्रत्येक नाव दोन साक्षींनी आणि एका शाळेच्या नोंदीने पक्कं झालेलं आहे. या टेबलावर आजवर आलेल्या माझ्या एकाही अहवालाला एवढा आधार नव्हता. आपण ते सगळे मान्य केलेत."

मतं पडली. अकरा विरुद्ध चार. कॉलेजला वर्ग सुरू झाल्यापासून दोन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळाली. अट अशी की दुसऱ्या वर्षाअखेर दोनशे विद्यार्थी दिसले, तर कायम मान्यतेचा विचार होईल.

दुपारी चार चाळीसला तार जळगावात पोचली. तोताराम आबा जिनात होते. तार सुकदेवांनी वाचून दाखवली, तशी आबांनी ती हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचली, आणि मग जिनाचा भोंगा वाजवायला सांगितलं. सीझन संपलेला होता. भर उन्हाळ्यात भोंगा वाजला म्हणून आग लागली असं समजून निम्मं गाव बादल्या घेऊन धावत आलं. आबांनी त्या बादल्यांत साखर ओतायला लावली आणि वाटायला लावली. असोद्याला निरोप घेऊन गेलेल्या माणसाला शेवंताबाई भेटली नाही, ती सासरी परतली होती. निरोप जामनेरकडे पाठवावा लागला. तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं: "चारशे बारा कशे? मले तर पाचशे वाटत व्हते."

बुधवार, २० जून १९४५, सकाळी आठ. आबांच्या एका रिकाम्या वखारीत वर्ग सुरू झाले. रुईचा वास अजून गेलेला नव्हता. हजेरीपटावर एकशे एकाहत्तर नावं होती, त्यांत तीन मुली. बोटींची रांग लांब असल्याने थॉर्नली अजून हिंदुस्थानातच होते, ते मुंबईहून आले आणि मागच्या बाकावर बसले. मगन दुसऱ्या रांगेत होता. बाहेर उखर्डू नाना खांबाला टेकून उभे होते. मुलाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते आत डोकावून मोठ्याने म्हणाले, "हाये, हाये!" प्राध्यापकाने हजेरी विद्यार्थ्यानेच द्यायची असते असं सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि नानाही हसले.

"नाना," थॉर्नली बाहेर येऊन म्हणाले, "या खेपेला लपवला नाहीत?"

"लपवून काय करू साहेब? अक्का जिती हाये ना!"

वखारीसमोर आबांनी थॉर्नलींना हार घातला. थॉर्नलींनी तो काढून प्रमिलाबाईंना दिला, त्यांनी तो हातातच धरून ठेवला, आणि फोटो तसाच निघाला. त्या वर्षी डिसेंबरात थॉर्नली बोटीने विलायतेला गेले.

दुसऱ्या वर्षी विद्यार्थी दोनशे सत्तर झाले. मार्च १९४७मध्ये समितीकडून तपासणीसाठी तिघेजण आले. त्यांनी दोन दिवस वर्ग पाहिले, विद्यार्थी मोजले आणि आकडा बरोबर असल्याची सही दिली. कायम मान्यतेचा अर्ज १२ एप्रिलला मुंबईत दाखल झाला. जूनमध्ये तात्पुरत्या मान्यतेची मुदत संपली. वर्ग चालू ठेवायचे की नाही असं मंडळीने तारेने विचारलं. चालू ठेवा, असं मुंबईहून तोंडी सांगितलं गेलं. लेखी काही आलं नाही.

जुलैच्या शेवटी थॉर्नलींचं सुकदेवांना पत्र आलं. त्यात प्रश्न एवढाच होता की कायम मान्यतेचा कागद कुठे आहे. सुकदेवांनी मुंबईला जाऊन चौकशी केली. सत्तांतरामुळे सगळी खाती हलत होती, फायली एका इमारतीतून दुसरीत जात होत्या. ८ ऑगस्ट १९४७ रोजी दुपारी त्यांना मिळालेलं उत्तर असं: अर्ज पोचल्याची नोंद आहे, फाइल सापडलेली नाही, बैठकीची तारीख अजून ठरलेली नाही. त्या दिवशी जळगावच्या हजेरीपटावर तीनशे चार नावं होती.